खाचरातली बोट

दोन वर्षं मी अधूनमधून रविवारी घरी खोटं सांगून बोटी बघायला जात होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. ‘विहाराच्या दुरुस्तीचं काम आहे, डबा दे,’ असं मी बायकोला म्हणायचो आणि ती डबा द्यायची. त्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या असायच्या, कारण श्रमदानाला कुणी ना कुणी डब्याशिवाय येतंच. त्या जास्तीच्या भाकऱ्या मी कोकणातल्या खाड्यांच्या धक्क्यांवर बसून एकट्यानं खाल्ल्या. पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं की माझा आवाज खाली जायचा. खोटं बोलणार नाही, हे ते शील. शेजारी बसलेल्या माणसाला वाटायचं, माझा घसा बसलाय.

लोक दारूसाठी खोटं बोलतात, आणखी कशाकशासाठी बोलतात. मी शिडाच्या बोटीसाठी बोललो. यानं पाप कमी होत नाही, फक्त ऐकणाऱ्याला हसू येतं.

मी वराळ्याला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात माप तपासण्याचं काम केलं, तीस वर्षं. वडील रेल्वेत गँगमन होते, घोरावाडीच्या आसपासच्या रुळांवर त्यांची हयात गेली. मूळ गाव टाकवे बुद्रुक. तिथं आमची भाताची चार खाचरं आहेत, थोरला भाऊ कसतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी समुद्रावर गेल्याचं ऐकिवात नाही.

हे वेड लागलं घोरावाडी स्टेशनच्या फलाटावर. लोणावळ्याकडच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ एक लांबलचक गुंडाळी खांद्यावर घेऊन धडपडत होते. मी दुसरं टोक धरलं.

“तंबू आहे का काका?”

“शीड आहे,” ते म्हणाले. “डब्यात चढेपर्यंत सोडू नका.”

ते निवृत्त जहाजी निघाले, लोणावळ्यात राहायचे. पवनेच्या धरणात त्यांची एक छोटी शिडाची होडी होती. मी ते टोक तेव्हा धरलं ते जवळजवळ सहा वर्षं सोडलं नाही. वारा गालावर कुठं लागतो यावरून शीड कसं ओढायचं, ते त्यांनी मला शिकवलं. त्याआधी पोहायलाही शिकावं लागलं, पंचेचाळिसाव्या वर्षी, कमरेला डबा बांधून. हे सगळं बायकोला माहीत होतं. ती म्हणायची, “इतरांचे नवरे पत्ते खेळतात, आमचे पाण्यात पडतात.”

एकदा तीही आली होती. होडी एका अंगावर कलली, पाणी आत आलं, मी ओरडलो आणि ती हसत सुटली. तिचं माहेर धरणाच्या काठचं. लहानपणी ती म्हशीची शेपटी धरून पाणी पार करायची. होडीच्या कडेला हात टेकवून तिनं काकांना विचारलं होतं, “याच्याहून मोठी असते का हो? जिच्यात झोपता येतं?”

हा प्रश्न मी तेव्हा ऐकला आणि विसरलो. अपराध तिथूनच सुरू होतो.

पुढं माझ्या डोक्यात योजना शिजू लागली. मुलगी बंगळूरला नोकरीला लागली. ठरल्या वयाच्या चार वर्षं आधी नोकरी सोडायची, एक बोट घ्यायची आणि तिच्यावरच राहायचं. किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा, कारवार, कोची. जमलं तर त्याच्याही पुढं. पावसाळ्यात बोट बांधून ठेवून घरी यायचं. एकदा जेवताना मी हे थट्टेत बोललो. ती म्हणाली, “आणि मग भाजी कुठून आणायची?” मी ते नकार समजलो आणि गप्प झालो. ती भाजीबद्दलच विचारत होती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

खरं तर तिच्या नकाराला मी भीतच नव्हतो. भीत होतो तिच्या प्रश्नांना. ती विचारत जाणार, मला उत्तरं शोधावी लागणार आणि शोधता शोधता बोट माझ्या एकट्याची राहणार नाही. एवढं क्षुद्र होतं ते.

हे मी आधी एकदा केलेलं आहे. वराळ्याचा फ्लॅट मी एकट्यानं पसंत केला. नकाशा घरी आणून तिला दाखवला, बोट ठेवून सांगितलं, हा हॉल, हे किचन. ती थेट राहायला आली. पहिल्या दिवशी दूध उतू घालायला ओट्यापाशी उभी राहिली आणि तिचा हात पातेल्याच्या वर पोचेना. मी मापाचा माणूस, खोल्यांची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये तपासली होती. ओट्याची उंची तपासली नव्हती, कारण त्याच्यापुढं मी उभा राहणार नव्हतो. तिनं माहेरहून आलेला शिसवी पाट ओट्यापुढं ओढला आणि त्यावर उभी राहिली. त्यानंतर एकोणीस वर्षं ती पाटावर उभं राहून स्वयंपाक करत होती. भाकरी थापताना पाटाचा एक कोपरा टक टक वाजायचा. तो आवाज मला घरातल्या घड्याळासारखा झाला होता, म्हणजे ऐकूच येत नव्हता.

तर बोटी. दोन वर्षांत मी बऱ्याच बघितल्या. काही चित्रात सुंदर आणि जवळून कुजलेल्या. काहींच्या तळाला फोड आलेले. एकीच्या इंजिनापाशी पोचायला माणसाला मांजर व्हावं लागलं असतं. काकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “बोटीवर राहणारा माणूस फार थोडे दिवस शीड लावून चालत असतो. बाकी सगळे दिवस ती नांगरावर उभी असते. उभी असताना घर कसं आहे, ते बघा.” मी मान डोलावली आणि धावणाऱ्या बोटी बघत राहिलो.

शेवटी दोन उरल्या. एक अडतीस फुटी, पांढरी, शर्यतीच्या घडणीची. अंगानं सडपातळ, पाण्याखाली सात फूट खोल गेलेली आणि उभी असतानाही पळतेय असं वाटणारी. दुसरी चौतीस फुटी, जुनी, जड, पोटानं सुटलेली, शेवाळी रंगाची. तिला मी मनात म्हैस म्हणत होतो. पांढरीच्या मालकाला मी धक्क्यावरच शब्द देऊन टाकला. “ही माझीच. पुढच्या महिन्यात कागद करू.” परतताना घाट चढेपर्यंत मी गाडीत एकटाच गात होतो.

दोन दिवसांनी बायको विहारातून आली. चप्पल काढता काढता म्हणाली, “बायका तुमच्याबद्दल विचारत होत्या, भाऊ बरे आहेत ना? वर्ष-दोन वर्षांत श्रमदानाला एकदाही दिसले नाहीत.”

मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

“पेपर उलटा नाही, तेवढं बरंय,” ती म्हणाली. “सांगा.”

मी सांगितलं. सगळं, दिलेल्या शब्दासकट. मध्ये मला रडू आलं, कारण मी तसाच आहे. ती पाटावर बसून ऐकत होती. माझं झाल्यावर मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दाखवा,” ती म्हणाली.

मी पळत जाऊन नकाशांची फाइल आणली.

“कागदावर नाही. कागदावर फ्लॅट पण दाखवला होतात. मला उभं राहून बघायचंय. आहे तेवढी.”

खऱ्या बोटीवर जायला ती तयार नव्हती. “तुम्ही शब्द दिलेला माणूस तिथं असणार. त्याच्यापुढं मला तोंड उघडता येणार नाही.” मग मला युक्ती सुचली. भातकापणी होऊन गेली होती, टाकव्याची खाचरं रिकामी आणि कोरडी होती. खाचरात बोट खऱ्या मापानं आखायची.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं टाकव्याला गेलो. मी टेप, दोरी, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची गोणी घेतली होती. तिनं पातेलं, तवा, पीठ, छोटी शेगडी आणि पाट घेतला होता. मी फक्कीनं पांढऱ्या रेषा मारायला लागलो. बाहेरची रेघ, झोपायच्या जागा, स्वयंपाकाची जागा, संडास, नकाशाचं टेबल, शिडं ठेवायची जागा. इंचाचा फरक नाही. काम इतकं सुरेख होत होतं की तासभर मी सुखी होतो.

मावळात खाचरात फक्की मारली की त्याचा अर्थ एकच होतो, हे मी, टाकव्यात जन्मलेला माणूस, साफ विसरलो होतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना बंगल्यासाठी तुकडे विकायचे असतात, तेव्हा आधी फक्की येते. बांधावरून जाणाऱ्या कुणीतरी भाऊला फोन केला. भाऊ मोटारसायकलवर आला, मागं वहिनी. गाडी बांधावर आडवी टाकून तो खाचरात उतरला.

“किती गुंठ्याचा तुकडा पाडलास?”

“भाऊ, ऐक तर—”

“न्हाई, मला आदी आकडा सांग. बापाच्या मागं आपून दोघं. म्या हितं चिखलात, तू तितं चौथ्या मजल्यावर. इकायचं व्हतं तर तोंड न्हवतं का तुला? विचारलं असतंस तर म्या सोता फक्की मारून दिली असती.”

या जमिनीसाठी आमच्या आजोबांनी काय काय सोसलं, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी विकली नव्हती. पण मी न विचारता विकू शकतो, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटायला मी जागा ठेवली होती. आठवडाभरात दुसऱ्यांदा माझ्यावर एकच ठपका येत होता, विचारलं नाहीस.

“भाऊजी, विकत नाहीयेत ते,” बायको आखणीच्या आतून म्हणाली. “बोट आहे ही.”

भाऊनं रेषांकडं पाहिलं. नाकापासून शेपटीपर्यंत चालत गेला, परत आला.

“बोट?”

“व्हय,” मी म्हणालो. त्याच्यासमोर माझी भाषा आपोआप गावची होते.

“हितं?”

“हितं न्हाई रे. समुद्रात. हितं फकस्त माप.”

वहिनी आधी हसली. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली. “म्या म्हनलं ह्यो कसला बंगला, एका टोकाला निमुळता! म्हनलं, गिऱ्हाईक लय बारीक असंल.”

भाऊ हसला नाही. तो खाली बसला, माझ्या पांढऱ्या रेषेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, “मग नुसत्या रेघांनी काय कळंल? थांब.” आणि गाडी घेऊन गेला. परत आला तो टेम्पोतून, भाताची पोती आणि पेंढ्याचे भारे घेऊन. माझ्या मापांप्रमाणं त्यानं पोत्यांची थप्पी लावून झोपायच्या जागा केल्या, फळीचा ओटा केला. दुपारपर्यंत खाचरात अडतीस फुटी बोट उभी राहिली.

नियम एकच ठरला, रेघ ओलांडली की माणूस बुडाला. वहिनी पहिल्या पाच मिनिटांत तीनदा बुडाली. भाऊचा बैल सरळ स्वयंपाकघरातून आरपार गेला. “ह्याला पवता येतं,” भाऊ म्हणाला.

बायको मात्र खेळत नव्हती. ती फळीपुढं उभी राहिली, शेगडी पेटवली, पातेलं ठेवलं. मग मला विचारलं, “धरणातल्या होडीसारखी ही पण कलते ना?”

“कलते. चांगला वारा असला की तासन्‌तास कललेली असते.”

“मग कलल्यावर मी कुठं?”

ओटा एका बाजूला सरळ रेषेत होता, तिच्या पाठीमागं रिकामी वाट, त्यापलीकडं झोपायची जागा. तिनं स्वतःच दाखवलं. कलल्यासारखी मागं गेली, टेकायला काही नव्हतं, तशीच दोन पावलं घरंगळून पोत्यांवर पडली. हातात रिकामं पातेलं. “हे उकळतं असतं तर?” पडल्या पडल्या तिनं विचारलं.

मग ती बोटभर फिरली. “हे काय?” शिडांची जागा. “आणि हे?” आणखी शिडांची जागा. “हे टेबल?” नकाशे बघायला, माझं. “आणि मी कुठं बसू?”

मी सगळीकडं पाहिलं. माझ्याच हातानं, इंचाचाही फरक न करता आखलेल्या त्या बोटीत माझ्या बायकोला बसायला जागा नव्हती. ओट्याच्या वेळी निदान अजाणतेपण होतं. या वेळी मी दोन वर्षं शोधून शोधून तीच चूक पसंत केली होती.

“दुसरी कुठली होती?” तिनं विचारलं. “दोन उरल्या म्हणाला होतात.”

“ती म्हैस आहे गं. हळू चालते.”

“म्हशीवर बसून धरान पार करता येतंय,” भाऊ पोत्यावरून म्हणाला. “घोड्यावर बसून करून दाव.”

मी पायानं रेषा पुसल्या. म्हशीचा नकाशा आणला नव्हता, पण माप माझ्या डोक्यातून जात नाही. उरलेल्या फक्कीनं ती आखली. भाऊनं पोती हलवली, फळी मी सांगितलेल्या उंचीवर बसवली. ही बुटकी होती, पण रुंद. ओटा जिन्याच्या पायथ्याशी, तीन बाजूंनी घेरलेला. बायको आत शिरली, कललेल्या माणसासारखी एकदा इकडं, एकदा तिकडं झुकली. दोन्हीकडं कंबर टेकली. तिनं पाटावर चढून कोपर वाकवून फळीवर ठेवलं, मग पाट मागं सरकवला आणि जमिनीवर उभं राहून पुन्हा ठेवलं. पीठ मळायला घेतलं. मी जिना म्हणून मांडलेल्या भाऱ्यावर वहिनी बसली होती. तिथून तिला आत ओटाही दिसत होता आणि बाहेर सगळं खाचरही.

“हितं बसून लय झ्याक गप्पा होत्याल गं,” ती म्हणाली.

त्या दुपारी आम्ही चौघं म्हशीत जेवलो. पिठलं आणि भाकरी. एकदाही कुणी बुडालं नाही.

पण बायकोनं अजून हो म्हटलेलं नव्हतं. परत येताना गाडीत तिनं विचारलं, “विहाराच्या नावानं किती रविवार गेलात?”

“मोजले नाहीत.”

“मी मोजलेत. सतरा डबे. आता सतरा रविवार विहारात जाऊन खरंच काम करा. झाले की म्हैस बघायला जाऊ. तोवर मला काही विचारू नका.”

“तोवर ती दुसऱ्या कुणी घेतली तर?”

“तर घेतली.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी चार दिवसांत समजूत घातली असती. त्या रात्री मी पांढरीच्या मालकाला फोन करून शब्द मागं घेतला, माफी मागितली. ते म्हणाले, “मी तेव्हाच विचारणार होतो, वहिनी कुठायत म्हणून.” म्हणजे सगळ्या जगाला दिसत होतं, ते मला दिसत नव्हतं.

विहाराच्या गच्चीतून पाणी गळत होतं, भिंतींना पोपडे आले होते. पहिल्या रविवारी मी गेलो तेव्हा तिथल्या बायकांनी माझ्याकडं बघून एकमेकींकडं बघितलं. एक मावशी म्हणाल्या, “या भाऊ, तुमचं गेल्या दोन वर्षांचं काम फार छान झालंय.” मी मान खाली घालून पत्रा हातात घेतला आणि भिंत खरवडू लागलो. संध्याकाळी हात वर उचलवेनात. पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. अपराध नुसता मनात घोळवण्यापेक्षा तो भिंतीवरून खरवडणं कितीतरी सोपं असतं. गच्चीच्या भेगा बुजवायला शिकलो, रंगाचे हात एकसारखे द्यायला शिकलो. डब्यात दोन भाकऱ्या जास्तीच्या असायच्या. आता त्या कुणीतरी दुसरं खायचं.

नऊ रविवार झाले आणि मधल्या वारी म्हशीच्या मालकाचा फोन आला. त्यांनी सांगितलं, एक गिऱ्हाईक येऊन बघून गेलंय, महिन्याअखेर परत येणार आहे.

पूर्वीचा मी असतो तर हे पोटात ठेवलं असतं आणि शनिवारी गुपचूप कोकणात उतरलो असतो. मी स्वयंपाकघरात गेलो आणि जसंच्या तसं तिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. पाटाचा कोपरा टक टक वाजत होता.

“मग?” ती म्हणाली.

“मग आठ रविवार राहिलेत.”

टक टक थांबली. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग पुन्हा थापायला लागली आणि भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर म्हणाली, “आठ रविवार म्हणजे एका माणसाचे आठ. दोघं गेलो तर चार.”

मला आधी कळलंच नाही.

“आणि टाकव्याहून भाऊजींना, ताईंना बोलावलं तर दोन. या महिन्यात होतील.” तिनं भाकरी उलटली. “असे काय बघताय? मला काय बोट नकोय होय?”

मी तिथंच ओट्याला धरून उभा राहिलो. मला हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी भाऊ आणि वहिनी टाकव्याहून आले. भाऊ शिडीवर, मी खाली बादली धरून. “एका बोटीपाई लय लोकांना कामाला लावलंस बाबा,” तो वरून म्हणाला आणि रंगाचा एक थेंब नेम धरून माझ्या टकलावर पाडला. वहिनी आणि बायको दारं घासत होत्या. त्या मावशी चहा घेऊन आल्या आणि त्यांनीही एक ब्रश घेतला. दुसऱ्या रविवारी दुपारी तीनलाच काम संपलं. भिंती अशा पांढऱ्या झाल्या होत्या की आत शिरलं की डोळे मिटायचे. त्या पौर्णिमेला चौथं शील मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की बायकोनं कोपर मारलं.

मग आम्ही म्हैस बघायला गेलो. महिना संपायला तीन दिवस होते. मी टेप खिशातून काढला नाही. ती खाली उतरली आणि मी वरच थांबलो. बराच वेळ कपाटांची दारं उघडल्याचे आवाज येत होते. मग खालून तिचा आवाज आला. मालक शेजारीच उभे होते, तरी ती खणखणीत म्हणाली, “अहो, खाली या. इथं कोपर बरोबर टेकतंय.” तिनं पाणी किती दिवस पुरतं ते विचारलं, भर दुपारी आत वारा येतो का ते विचारलं, अंथरूण ओलं झालं तर कुठं वाळवायचं ते विचारलं. शेवटी विचारलं, “आणि भाजी कुठून आणायची?” मालकांनी हसून खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या बाजाराची वाट दाखवली. एवढं सोपं उत्तर होतं.

नोकरी सुटली, बोट आली. फ्लॅट भाड्यानं द्यायचं ठरलं, तेव्हा मी प्रायश्चित्त म्हणून गवंडी आणून ओटा खाली करून घ्यायचं काढलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आता? निघताना? आणि येणारी भाडेकरीण माझ्याहून वीतभर उंच आहे, तिला वाकवता काय?” गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही खाडीतून बाहेर पडलो. भाऊ आणि वहिनी धक्क्यावर उभे होते. “बुडाली, बुडाली!” म्हणून वहिनी ओरडत होती आणि हात हलवत होती. वारा जमिनीवरचा, हलका. म्हैस आपल्या चालीनं निघाली. मी शिडं लावली आणि सुकाणू बायकोच्या हातात दिलं. आदल्या आठवड्यात ती खाडीत शिकली होती, आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा लवकर शिकली होती.

दोन मिनिटांनी ती म्हणाली, “अहो, मला पुढचं काही दिसत नाहीय.”

मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तिच्या उंचीइतका वाकलो. खरंच, बोटीच्या छताच्या वर तिचे डोळे पोचतच नव्हते. समोर नुसतं छत, समुद्र नाही. पुन्हा तेच. ओटा बघितला, जिना बघितला, कोपर बघितलं, आणि ती सुकाणूवर उभी राहील हे मला सुचलंच नव्हतं. माझा चेहरा पडला असणार.

“आता यात पण अपराध शोधू नका,” ती म्हणाली. “खाली जा आणि पाट आणा.”

“तू पाट आणलास?”

“एकोणीस वर्षांचा सवयीचा. सोडून येते काय?”

मी पाट आणून तिच्या पायाशी ठेवला. ती त्यावर चढली, सुकाणू पोटाशी धरलं आणि पुढं बघितलं. बघत राहिली. लाटेबरोबर बोट हळूच उचलली गेली आणि पाटाचा कोपरा टक टक वाजायला लागला.